आधी पुरावे नकोत
नास्तिक मित्राशी श्रद्धेबद्दल कसं बोलावं, यावरचा एक लेख वाचला. त्याला आधी देवाच्या अस्तित्वाचे पुरावे द्यावेत, हा त्यातला सल्ला मला अजिबात पटला नाही. आमच्या यवतमाळकडच्या गावातला माझा मित्र पक्का नास्तिक आहे. सृष्टी कोणी निर्माण केली, हा त्याचा प्रश्नच नाही. तो विचारतो, "तुह्या देवानं पऱ्हाटीत बोंडअळी कायले सोडली?" त्याला मध्ययुगातले ख्रिस्ती विचारवंत संत थॉमस अक्विनास यांचे देवाच्या अस्तित्वाचे पाच युक्तिवाद काय ऐकवणार? (मला ते आवडतात, ती गोष्ट वेगळी.) मी त्याला सांगतो, माझा देव, येशू, क्रुसावर खिळलेला आहे, 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस?' असं त्यानंही विचारलं. मित्र गप्प बसत नाही, वाद घालतो, आणि मला तो वाद हवाच असतो.

लेखात एक मोठी गोष्ट राहिली. कॅथलिक चर्चच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट म्हटलं, की नास्तिकता वाढण्यात श्रद्धावंतांचाही वाटा असतो: शिकवण चुकीची मांडल्यामुळे, वागण्यात कमी पडल्यामुळे. श्रद्धेची सक्ती कुणावरही नको, हेही तिने त्याच वर्षी जाहीर केलं. देवाच्या नावावर गंडवली गेलेली माणसं माझ्या मित्राने पाहिली आहेत. त्याचा राग रास्त आहे. तो आधी पूर्ण ऐकून घ्या, मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, आमंत्रण नंतर द्या. मित्र आला नाही तरी सोयाबीन सवंगायला त्याच्या वावरात जाणं सोडू नका.