वर्ग सोडून बाकी सगळं करा

परत आज तेच! पुण्यात एका सरकारी शाळेत चौथीला शिकवते मी. दोन महिने झाले, पुस्तक बाजूला ठेवून पोरांना मंडईतल्या भावांवरून हिशोब शिकवतेय, पाव किलो, अर्धा किलो, सुट्टे किती परत आले, आणि जी पोरगी फळ्यासमोर आली की थिजायची तिने काल पावणेदोन किलो कांद्याचे पैसे तोंडी सांगितले हो! अंगावर काटा आला माझ्या. आणि आज तपासणीला आलेले साहेब वहीवरून बोट फिरवत विचारतात, "मॅडम, धडा कितवा चालूय? सही कुठंय?" पोरगी बोलत होती, ऐकलंच नाही.

तेवढ्यात ग्रुपवर मेसेज, 4 वाजेपर्यंत लिंकवर माहिती भरा, अतितातडीचं. तीच माहिती मागच्या महिन्यात भरलीये! 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 27 आहे, शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणून, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळून, म्हणजे मतदार याद्या घेऊन दारोदार आम्हीच, मग वर्ग कोण घेणार? 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं घोकंपट्टी नको, कृतीतून शिकवा. अहो पण वेळ कधी देणार? नवीन काही करून फसलं तर नोटीस मला, जुनंच रेटलं तर कुणी हूं की चूं करत नाही.

1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली त्या गावात हे चाललंय, संताप होतो नुसता. उद्या परत तराजू घेऊन जाणारे मी वर्गात.