बाटलीवर काय वाचायचं, तेही सांगा

एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल (फळं दळून, रसायनं न वापरता काढलेलं) हृदयाला चांगलं, हे तुमच्या ऑलिव्ह तेलावरच्या लेखात नीट आलंय. पण दुकानात गेल्यावर घोळ होतो तो बाटलीपाशी! आमच्याकडे नाशिकला गंगापूर रोडवर बरेच जण ‘पोमेस’ लिहिलेलं स्वस्त तेल घेतात आणि ऑलिव्ह खातोय म्हणून खूश असतात. पोमेस म्हणजे तेल निघाल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून काढलेलं, मग रिफाइंड केलेलं तेल. भजी तळायला चालेल, पण तुम्ही ज्या पॉलिफेनॉल्सचं (फळातली आरोग्याला उपयोगी नैसर्गिक द्रव्यं) लेखात कौतुक केलंय ती त्यात जवळपास नसतात. ‘एक्स्ट्रा लाइट’मध्येही कॅलरी तेवढ्याच, फक्त चव हलकी.

खऱ्या एक्स्ट्रा व्हर्जिनसाठी फळ तोडल्यावर लवकर दळावं लागतं (वायनरीत द्राक्षांची घाई असते तशीच), लगदा साधारण 27 अंशांच्या आत ठेवतात आणि मुक्त आम्लता (तेलात सुटी झालेली मेदाम्लं) 0.8 टक्क्यांवर चालत नाही. चाखल्यावर घशात ठसका लागला तर घाबरू नका, तो ओलिओकॅन्थल या पॉलिफेनॉलचा गुण.

आणखी एक. आहार आणि हृदयविकार यांवरचा स्पेनमधला प्रेडिमेड अभ्यास 2013चा, पद्धतीतल्या त्रुटींमुळे मागे घेऊन 2018 मध्ये पुन्हा छापला. हृदयविकार-पक्षाघाताचा धोका कमी होतो, हा निष्कर्ष जवळपास तोच राहिला. पण त्यात तेलासोबत भाज्या, कडधान्यं, मासे असा पूर्ण आहार होता, आणि तेलाऐवजी अक्रोड-बदाम दिलेल्या गटालाही तसाच फायदा दिसला. मिसळीच्या तर्रीवर चमचाभर ओतून काही व्हायचं नाही! घाण्याचं शेंगदाणा तेल फोडणीला राहू द्या, ऑलिव्ह तेल कोशिंबिरीवर घ्या. बाटली गडद काचेची बघा आणि गॅसजवळ ठेवू नका.