‘नुसती लायब्ररी जोडली’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

मागच्या आठवड्यात ‘मागे जाणारा डीबगर’ हा लेख टाकला. माझ्या छोट्या लिनक्स डीबगरला (डीबगर म्हणजे चालू प्रोग्राम थांबवून त्यातली चूक शोधायचं साधन) इंटेल प्रोसेसर ट्रेसचा, थोडक्यात पीटीचा, म्हणजे प्रोग्राम कुठल्या रस्त्याने गेला ते प्रोसेसरनेच नोंदवायच्या सोयीचा, सपोर्ट कसा जोडला त्याबद्दल होता. त्यावर बिट-बहाद्दर या नावाने एक प्रतिक्रिया आली, ती आहे तशी देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कोणी म्हणायला नको:

“काका, आधी मॅन्युअल वाचा मग लिहा. डिकोडर इंटेलचा, रेकॉर्डिंग कर्नलचं, तुम्ही नुसती लायब्ररी जोडलीत, त्याला सपोर्ट लिहिला म्हणत नाहीत. पीटीमध्ये डेटा साठवला जात नाही, मग मागे गेल्यावर व्हेरिएबलची किंमत कशी दिसणार? एएमडीवर चालत नाही हे लिहिलंच नाही. जीडीबीचा डिफॉल्ट बफर १६ एमबी नाही. आणि खऱ्या कामात प्रिंटएफ पुरतो.”

आधी ते ‘काका’. मला त्रेचाळीसावं लागलंय, केस गेलेत हे मान्य, पण ओळख ना पाळख आणि पहिलाच शब्द काका? रिक्षात म्हणा, ट्रान्स-हार्बरला बसायला जागा देताना म्हणा, आनंद आहे. कोणाचं सहा महिन्यांच्या रविवारांचं काम वाचून झाल्यावर पहिला शब्द हा येत असेल तर तो वयाबद्दल नसतो हे तुम्हालाही कळतं आणि मलाही. ‘मॅन्युअल वाचा’ पण तसंच. वाचलंय साहेब, प्रिंट काढून वाचलंय, ऐरोलीला ऑफिसच्या प्रिंटरवर, आणि त्यावरून बोलणीही खाल्लीत.

चूक एक आहे. जीडीबीत, म्हणजे लिनक्सवर सर्रास वापरतात त्या डीबगरमध्ये, पीटीचा डिफॉल्ट बफर (नोंदी साठवायची जागा) १६ केबी आहे, मी एमबी लिहिलं. दुरुस्त केलं, आभार. हे साध्या शब्दात सांगितलं असतंत तरी केलंच असतं.

आता ‘नुसती लायब्ररी जोडली’. हे वाक्य मला दोन दिवस झोपू देत नाहीये म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

प्रोसेसर ट्रेस म्हणजे काय ते ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी. समजा तुम्ही ठाणे स्टेशनवरून ऐरोलीला निघालात आणि तुम्हाला रस्ता नोंदवायचाय. जुनी पद्धत, म्हणजे बीटीएस (ब्रँच ट्रेस स्टोअर), प्रत्येक वळणाला ‘इथून निघालो, तिथे पोचलो’ असे पूर्ण पत्ते लिहिते, एका नोंदीला २४ बाइट, आणि त्यात प्रोग्राम इतका मंदावतो की तो तोच प्रोग्राम राहत नाही. पीटी, जे इंटेलच्या ब्रॉडवेल पिढीच्या प्रोसेसरपासून आलं, ते फाट्यावर फक्त एक बिट लिहितं: वळलो की सरळ गेलो. एका बाइटच्या पॅकेटमध्ये असे सहा फाटे मावतात. जिथे फाटाच नाही तिथे काहीच लिहीत नाही. आणि जिथे ‘रिक्षावाला नेईल तिकडे’ असा मामला आहे, म्हणजे कुठे उडी मारायची ते प्रोग्राम चालताना ठरतं, फंक्शन पॉइंटर वगैरे, तिथे मात्र पोचल्याचा पत्ता लिहितं. ही बिटांची माळ हातात आली तरी नकाशा नसेल तर ती रद्दी आहे. नकाशा म्हणजे प्रोग्रामचा मशीन कोड, आणि डिकोडर म्हणजे नकाशावर बोट ठेवून बिटं वाचत जाणारा माणूस. तो माणूस इंटेलने फुकट दिलाय, बरोबर. नकाशा कोण देणार? डीबगर. तिथे माझं काम सुरू होतं.

आणि तिथेच माझे तीन रविवार गेले. डीबगर ब्रेकपॉइंट, म्हणजे ‘प्रोग्राम इथे थांबव’ अशी खूण, कशी लावतो? त्या जागेचा मूळ बाइट बाजूला ठेवून तिथे सीसी हा बाइट ठोकतो. मी डिकोडरला नकाशा म्हणून चालू प्रोसेसची मेमरी वाचून देत होतो, म्हणजे त्यात माझेच ठोकलेले सीसी. प्रोसेसर खऱ्या रस्त्याने गेलेला आणि नकाशावर मीच खणून ठेवलेला खड्डा! ब्रेकपॉइंट नसला की सगळं छान, एक लावला की डिकोडर त्या जागी हात वर करून मोकळा. मी लायब्ररीला शिव्या घातल्या, कर्नलला घातल्या, प्रोसेसर बदलून बघायचा विचार केला. शेवटी चूक माझी, प्रत्येक वाचनात मूळ बाइट परत घालून द्यायचे एवढंच होतं. ‘एवढंच’ आता म्हणतोय.

मग रिंग बफर, म्हणजे ट्रेसच्या नोंदी जिथे साठतात ती गोल फिरणारी जागा. तो भरला की सुरुवातीपासून जुन्यावर लिहीत जातो, म्हणून वाचायला घेतो तेव्हा आपण कुठल्यातरी पॅकेटच्या मध्यात उभे असतो. तिथून ०२ ८२ ही जोडी आठ वेळा, असा सोळा बाइटचा मैलाचा दगड शोधायचा आणि तिथून पुढे वाचायचं. प्रोग्रामने मध्येच नवी लायब्ररी लोड केली तर नकाशात नवा भाग जोडायचा. दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे दोन धागे, असतील तर दोन वेगळ्या माळा, त्यांचा क्रम टाइमस्टॅम्पवरून लावायचा. आणि टेल कॉल, म्हणजे फंक्शनने शेवटी दुसऱ्याला बोलावून स्वतः बाजूला होणं! बोलावलं एकाने, परत गेलं दुसऱ्याच्याच घरी, आणि कॉलची यादी दाखवताना सगळी वंशावळ चुकते. हे सगळं लायब्ररी करत नाही साहेब. याला तुमच्याकडे नुसतं जोडणं म्हणत असतील तर प्लंबरही नुसता पाईप जोडतो, एकदा स्वतः जोडून बघा आणि खालच्या मजल्यावरच्यांना विचारा. जीडीबीत ब्रँच ट्रेस २०१३ ला ७.६ मध्ये आला आणि पीटी २०१५ ला ७.१० मध्ये. डिकोडर आयता असूनही तिथल्या जाणत्या लोकांना त्यावर काम करावंच लागलं, ते काय झोपले होते?

आता प्रिंटएफचं, म्हणजे कोडमध्ये जागोजागी मजकूर छापायला लावून बग शोधायचा. २००६ साली मी महापेला एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत लागलो, कंपनीचं नाव सोडा. कंट्रोलर बोर्ड बनवायचो. एक बोर्ड दिवसातून एकदा अडकायचा, आम्ही प्रिंट टाकले की अडकायचा बंद व्हायचा, काढले की परत अडकायचा. प्रिंटला लागणाऱ्या वेळाने टायमिंग बदलायचं आणि बग लपायचा. ट्रेस काढणारा प्रोब, म्हणजे बोर्डला बाहेरून जोडायचं यंत्र, माझ्या वर्षाच्या पगाराएवढा, आमचे साहेब विकत घेईनात, शेवटी एका ओळखीच्याकडून दोन दिवसांसाठी उसना आणला आणि दुसऱ्या रात्री अकराच्या सुमारास दिसलं की एक इंटरप्ट (चालू काम थांबवून ‘आधी माझं बघ’ म्हणणारा हार्डवेअरचा संकेत) दुसऱ्याच्या आत घुसतोय. शेवटची गाडी गेलेली. विटाव्याच्या पुलाखाली पाणी तुंबलेलं, कळव्यापर्यंत रिक्षा मिळेना, अर्धा रस्ता चालत आलो. पण आनंदात आलो. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. तेव्हा ‘खऱ्या कामात’ काय पुरतं ते मला शिकवू नका, हे जरा तोडून बोललो, पण तुम्ही सुरुवात केलीत.

आता तेच काम घरच्या साध्या इंटेल मशीनवर, प्रोबशिवाय होतं, याचं मला अप्रूप वाटतं. वाटतं तर वाटतं.

व्हेरिएबलच्या किमतीचा मुद्दा: हो, पीटी रस्ता नोंदवतं, खिशात काय होतं ते नाही. रजिस्टर, मेमरी यांची मागची किंमत दिसत नाही. हे लेखात चौथ्या परिच्छेदात ओझरतं आहे, नीट वाचलं तर सापडतं, आणि यावर पुढे कधीतरी लिहीनच, आज लांबण नको.

एएमडी: तिथे पीटी नाहीच. लेखात ‘इंटेल’ हा शब्द अकरा वेळा आहे, आत्ता मोजला. सीपीयूइन्फोमध्ये, म्हणजे लिनक्सवर प्रोसेसरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, इंटेल_पीटी हा फ्लॅग दिसला तरच पुढे जा, आणि व्हर्च्युअल मशीनवर बहुतेकदा दिसत नाही.

बाकी कोड उघडा आहे, पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवा. काका म्हणायचंच असेल तर शनिवारी सकाळी मी तलावपाळीला फेऱ्या मारत असतो, समोर येऊन म्हणा.

ता. क. लेखाचं शीर्षक बदलून ‘मागचा रस्ता दाखवणारा डीबगर’ केलंय. तुमच्यामुळे नाही. बायकोने वाचून विचारलं, “मागे जातो म्हणतोस, मग मागची किंमत का नाही दाखवत?”