नोकरी लागली की खेळ का थांबावा?

नागपूरच्या घरच्या ग्रुपवर सध्या जोरात वाद चाललाय. भाची दहावीत गेली. व्हॉलीबॉल चांगली खेळते. काका म्हणतात, खेळाचे २५ पर्यंत गुण मिळतात, तेवढे घ्यावेत आणि शिकवणीला लागावं. मामा म्हणतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तेवढ्यासाठी तरी खेळू द्या तिला. दोघांनाही तिची काळजी आहे. पण नोकरी लागल्यावर ती खेळेल का, हे कुणीच विचारलं नाही.

मी कॅनडात विनिपेगला राहतो. इथली जेनिफर जोन्स कर्लिंग खेळायची. जवळजवळ वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावर सरकवायचा आणि पलीकडच्या वर्तुळाच्या मध्याशी थांबवायचा. सोबतचे खेळाडू पुढे बर्फ घासत जातात, त्याने दगड लांब आणि सरळ जातो. जेनिफर पेशाने वकील. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये तिचा संघ एकही सामना न हरता सुवर्णपदक जिंकला, तेव्हा ती ३९ वर्षांची होती आणि घरी सव्वा वर्षाची मुलगी होती. २०१८ ला सुवर्ण जिंकलेल्या अमेरिकेच्या संघात एक जण दारूचं दुकान सांभाळायचा, एक इंजिनिअर होता. त्यांचा कप्तान जॉन शुस्टर याला तर २०१४ नंतर राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रमातून वगळलं होतं. त्याने स्वतःच संघ जमवला.

इथे सगळं छान आहे असं नाही. वरच्या पातळीवरचे खेळाडू आता प्रायोजकांच्या जोरावर जवळजवळ पूर्णवेळ खेळतात, नोकरी सांभाळून त्यांना गाठणं कठीण झालंय. शिवाय संध्याकाळी पाचला सुटणारी, घर चालेल एवढा पगार देणारी नोकरी इथे जितक्यांकडे आहे, तितक्यांकडे नागपुरात नाही. म्हणून मामांचं आरक्षणाचं म्हणणं मला पटतं. आपल्याकडे नोकरीचा आधार असल्याशिवाय घरचे मैदानावर पाठवणारच नाहीत.

नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये जॉर्जियात बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली, राज्य सरकारने तिला ३ कोटी दिले, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण माझ्या भाचीचा प्रश्न वेगळा आहे. ती कदाचित जिल्ह्यापुढे जाणार नाही. इथे तशा खेळाडूला साठीतही क्लबात जागा असते. शिक्षक, सुतार, निवृत्त नर्स एकाच लीगमध्ये खेळतात. आपल्याकडे रेल्वे आणि पोलिसांचे संघ सोडले, तर तिशीतल्या बाईने व्हॉलीबॉल खेळायला जायचं कुठे? शाळांची मैदानं सुटीनंतर कुलूपबंद असतात. महापालिकेने तीच संध्याकाळी उघडावीत, दिवे आणि एक राखणदार द्यावा, मोठ्यांच्या वॉर्डवार लीग लावाव्यात. मानकापूरच्या क्रीडा संकुलासारखं आणखी एखादं बांधण्याआधी हे करा, असं मी काकांना लिहिलंय. आणि दहावीच्या वर्षातही आठवड्यातून तीन संध्याकाळी तिला खेळू द्या, हेसुद्धा.