‘लो-कट लावला का बेस मरते’ म्हणणाऱ्यांना

भीमजयंती आणि लग्नसराई जवळ आली की वर्धा-यवतमाळकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यात बेस गिटारवाल्यांना चार सल्ले असतात. टोनचा नॉब बंद करा, बेस वाढतो. अॅक्टिव्ह सर्किट (गिटारीतले बॅटरीवर चालणारे, सूर कमी-जास्त करणारे सर्किट) बसवून लो म्हणजे खालचे सूर पूर्ण चढवा, सब (खालच्या सुरांचा वेगळा मोठा स्पीकर) नसला तरी मैदान हलते. मिक्सरवरच्या लो-कटला (खालचे सूर कापणाऱ्या बटणाला) हात लावू नका, बेस मरतो. घूं आवाज आला तर इक्वलायझरवर 50 हर्ट्झ पाडा. एका सल्ल्यात अर्धे खरे आहे, बाकीच्यांत तेवढेही नाही.

टोनचे आधी उरकू. साध्या पॅसिव्ह (बिनबॅटरीच्या) बेसमध्ये तिथे बहुधा 250 के चा पॉट आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. नॉब बंद केला की ट्रेबल ग्राउंडला जातो, एवढेच. वरचे कापल्यावर आवाज जाड वाटतो, मग आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि श्रेय नॉबला देतो. ढोलक, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डचा डावा हात एकदम चालू असताना बेसचा सूर वेगळा कळतो तो या कापलेल्या भागामुळेच.

खरे नुकसान करतो दुसरा सल्ला. अॅक्टिव्ह सर्किट लो वाढवते हे कबूल, पण ते बॉक्सला झेपले पाहिजे ना भाऊ! मोकळी ई, म्हणजे सगळ्यात जाड तार, 41 हर्ट्झची. गावातल्या कार्यक्रमाला बहुतेक वेळा 15 इंची टॉपच (मुख्य स्पीकरचे बॉक्स) येतात, आणि तेवढे खालचे त्यांच्यातून फारसे निघत नाही. त्यात 12 डेसिबल चढवणे म्हणजे जवळपास 16 पट पॉवर मागणे. जिथे 40 वॅट लागत होते, तिथे 640. अॅम्प्लिफायर क्लिप होतो, म्हणजे आवाज फाटतो, जनरेटरवर असाल तर हॅलोजनही मिचकायला लागतात. शिवाय पोर्टवाल्या (हवेसाठी भोक ठेवलेल्या) बॉक्सचे असे आहे की तो ज्या सुराला ट्यून केलेला असतो, त्याच्या खाली आतली हवा स्पीकरच्या हलणाऱ्या कोनला धरून ठेवत नाही. जाळीतून बॅटरी मारून बघा: कोन वीतभर हलल्यासारखा दिसतो, आवाज मात्र नाही. कॉइल जळते ती अशीच. ई तारेत 82 आणि 124 हर्ट्झचे सूरही असतात, ते नीट ऐकू आले की खालचा सूर कान स्वतःच भरून घेतो. चढवायचेच तर तिथे, आणि थोडे.

आता लो-कट. मिक्सरवरचे बटण 80 किंवा 100 हर्ट्झला ठरलेले असते. ई, ए, डी या मोकळ्या तारा त्याच्या खाली येतात, म्हणून सब असेल तर ते दाबू नये, हे बरोबर. पण नुसते टॉप असतील तर 80 चे बटण दाबल्याने जाते त्यातले बरेचसे बॉक्स तसाही देत नव्हता. आणि फिरवता येणारा लो-कट 30-35 ला ठेवला तर सुराचे फारसे काही जात नाही. जाते ती अंगठ्याची धपधप आणि स्टेजच्या फळ्यांची धडधड. कोणाला तरी समोर उभे करा, मोकळी ई वाजवत राहा, लो-कट खालून हळूहळू वर न्या. आवाज पातळ झाला की किंचित मागे घ्या.

घूंचा उपाय तर काऊन सुचला कोणास ठाऊक. ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा ‘जी’ सूर 49 हर्ट्झचा आहे. 50 पाडले की तोच बसतो, आणि घूंमधले 100-150 तसेच राहतात. दोन सिंगल कॉइल पिकअपच्या (तारेची थरथर पकडणाऱ्या चुंबकी भागांच्या) जॅझ बेस नावाच्या गिटारीवर दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवा, बहुतेक जागी घूं तिथेच मरते. नाही तर डीआय बॉक्सचे (गिटार आणि मिक्सरच्या मधे लावायच्या डबीचे) ग्राउंड लिफ्ट बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र तोडू नका, जीव जाईल.

बेस खरा मरतो तो पॅसिव्ह गिटार सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसल्याने. पिकअपला समोर 1 मेगओहमच्या आसपास इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) लागतो, लाइनला असतो साधारण 10 किलोओहम. मधे अॅक्टिव्ह डीआय लावा. अॅक्टिव्ह सर्किटचा खरा फायदाही हाच: लाइन असो की लांब केबल, आवाज दबत नाही. फक्त कार्यक्रम संपला की जॅक उपसा. बहुतेक अॅक्टिव्ह बेसमध्ये तो लागलेला असेपर्यंत 9 व्होल्टची बॅटरी उतरत राहते.