साउथपोर्टचा मेसेज आणि आमच्या वाड्यावरचा चादरवाला

बालरथाच्या, म्हणजे मुलांच्या शाळेच्या बसच्या, पालकांच्या ग्रुपवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. तोच भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, तोच मावसभावाने म्हापशाहून पाठवला. मजकूर थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये साउथपोर्टला लहान मुलींवर सुरीहल्ला झाला, हल्लेखोर बोटीतून आलेला निर्वासित होता, पोलिसांनी आणि पेपरवाल्यांनी त्याचं नाव दडवलं, लोकांनी मोबाईलवरून ते बाहेर काढलं. गोव्यातही भायले, म्हणजे बाहेरचे लोक, भरलेत. तेव्हा मुलांच्या बाबतीत काही घडलं की कोणाची वाट बघू नका. नाव, फोटो, व्हिडिओ लगेच पुढे पाठवा. खोटं निघालं तर नुकसान काहीच नाही, खरं निघालं तर एक मूल वाचेल.

शेवटचं वाक्य वाचून कुठल्याही आईच्या काळजात चर्र होतं. मलाही दोन मुलं आहेत, त्यातलं धाकटं रोज त्याच बालरथात बसतं. पण मी बावीस वर्षं मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली आहेत आणि या मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची आहे, म्हणून लिहिते.

आधी घडलं ते. २९ जुलै २०२४ रोजी साउथपोर्टमध्ये सुट्टीतल्या नाचाच्या वर्गात एक मुलगा सुरी घेऊन शिरला. तीन मुली गेल्या. आणखी आठ मुलं आणि दोन मोठी माणसं जखमी झाली. एवढं खरं आहे, आणि ते आठवलं की आजही हात थांबतो.

‘बोटीतून आलेला निर्वासित’ हे मात्र धादांत खोटं. हल्लेखोर सतरा वर्षांचा होता, वेल्समधल्या कार्डिफ शहरात जन्मलेला. आईवडील मूळचे रवांडाचे. ‘लोकांनी बाहेर काढलेलं’ मुसलमानी वाटणारं नाव त्याचं नव्हतंच. ते मी इथे पुन्हा लिहिणार नाही. हे नाव चुकीचं आहे असं पोलिसांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं. तरी त्या संध्याकाळी जमाव साउथपोर्टच्या मशिदीवर चालून गेला. पन्नासहून जास्त पोलीस जखमी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावचे लोक झाडू घेऊन रस्त्यावर उतरले आणि गवंड्यांनी विटा-थापी आणून मशिदीची पडलेली भिंत बांधायला घेतली. मुली त्यांच्याच गावात मारल्या गेल्या होत्या. राग त्यांनाच सर्वांत जास्त यायला हवा होता.

‘नाव दडवलं’ हा दुसरा आरोप. तिथले पोलीस आरोप ठेवण्याआधी संशयिताचं नाव सहसा देत नाहीत, आणि हा तर अठराच्या आतला होता. १ ऑगस्टला त्याच्यावर आरोप ठेवला गेला आणि त्याच दिवशी लिव्हरपूलच्या न्यायाधीशांनी नाव छापायला मोकळीक दिली. बातमी रोखून धरली तर पोकळीत अफवा वाढतात, हेही एक कारण त्यांनी दिलं. म्हणजे तिसऱ्या दिवशी खरं नाव कोर्टातून आलं, आणि तोवर मोबाईलवर होतं ते खोटं.

यात पोलिसांचं काहीच चुकलं नाही असं मी म्हणत नाही. माहितीच्या त्या पोकळीमुळे अफवांना वाव मिळाला, हे ब्रिटिश संसदेच्या समितीनेही २०२५ मध्ये म्हटलं. आमच्याकडेही मोठी घटना घडली की पोलीस स्टेशनवरचा फोन कोणी उचलत नाही आणि रात्री अकराला पान सोडायच्या वेळी चार ओळींचं प्रसिद्धीपत्रक येतं. जे सांगता येतं ते त्यांनी लवकर सांगावं, हे मी आयुष्यभर भांडत आले. पण पोलीस गप्प आहेत म्हणून मी नाव रचून छापलं, तर ती बातमी कशी होईल?

आता मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट. हा मुलगा अनोळखी नव्हता. अतिरेकी विचारांकडे झुकणाऱ्यांना वेळीच हेरण्यासाठी ब्रिटनमध्ये ‘प्रिव्हेंट’ नावाची सरकारी यंत्रणा आहे. २०१९ ते २०२१ या काळात त्याचं प्रकरण तिच्याकडे तीनदा गेलं आणि तिन्ही वेळा बंद झालं. तीन मुलींच्या आईवडिलांनी विचारायचा प्रश्न हा होता: तीनदा दिसलेला मुलगा सुटला कसा? जानेवारी २०२५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, किमान ५२ वर्षांची जन्मठेप झाली, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष तिकडे वळलं. हल्ल्यानंतरच्या त्या पहिल्या आठवड्यात मात्र सगळा देश समुद्राकडे, बोटींकडे बघत होता. अफवेने निरपराधांना मार बसवलाच, शिवाय ज्यांना जाब विचारायचा त्यांच्यावर पांघरूणही घातलं.

‘फोटो, व्हिडिओ पाठवा’ यावर फार बोलायची गरज नाही, कायदा स्पष्ट आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे पीडित, साक्षीदार किंवा आरोपी मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१८ मध्ये कठुआच्या अत्याचार-खून प्रकरणातल्या मुलीची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने बड्या माध्यमांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले होते. आणि गोव्यात तर नावही लागत नाही. आमच्याच पानावर एकदा एका मुलीचं नाव कटाक्षाने गाळलं, पण वाड्याचं नाव, इयत्ता आणि बापाचा धंदा राहून गेला. तीस घरांचा वाडा. सकाळी पोदेर पाव घेऊन फिरायच्या आत सगळ्यांना कळलं होतं. ती कॉपी माझ्या हाताखालून गेली होती.

राहिलं ते ‘खोटं निघालं तर नुकसान काहीच नाही’. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, रविवार, आठवड्याचा बाजार. मंगळवेढ्याकडचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज तेव्हा सगळीकडे फिरत होते. त्यातला एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा होता. मूल परत आणून सोडतात तो शेवट कापून टाकलेला. जमावाने त्या पाचांना ठेचून मारलं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

राईनपाडा लांब वाटत असेल तर गेल्या मंगळवारी आमच्या वाड्यावर काय झालं ते सांगते. दुपारी तीनला एक चादरवाला आला, स्कूटरवर मागे गाठोडं बांधून. शाळा सुटायची वेळ. एका पोराने त्याला ‘ती निळी केवढ्याला’ असं विचारलं, त्याने पोराला जवळ बोलावून चादर उलगडून दाखवली. एवढ्यावरून कोणीतरी हाक घातली. पाच मिनिटांत वीसेक माणसं. ‘खंयचो रे तूं?’ ‘आधार दाखय!’ तो पन्नाशीचा असेल. त्याने खिशातून आधारकार्ड काढलं. ते त्याच्या बोटांत इतकं थरथरत होतं की मला नाव वाचता येईना. मी ते हातात धरलं, तर प्लॅस्टिक घामाने ओलं. कोणी हात टाकला नाही, हे खरं. पण स्कूटरच्या नंबरासकट त्याचा फोटो तोवर ग्रुपवर गेला होता, खाली ओळ: ‘सावध राहा, मुलं पळवणारा.’

तो गाठोडं न आवळताच निघाला. निळी चादर बांधावरच राहिली. ती माझ्याकडे आहे.

फोटो अजून ग्रुपवर आहे. ज्या ताईंनी टाकला त्यांना मी फोन केला. त्या म्हणाल्या, ‘काढते, पण मी तो आणखी चार ग्रुपवर पाठवलाय.’ तर त्या चारही ग्रुपवर, आणि तुम्ही जिथे जिथे पाठवला असेल तिथे, तो माणूस चादरी विकायला आला होता एवढी एक ओळ लिहा. स्कूटर तीच, नंबर तोच, आणि उद्या तो पोट भरायला दुसऱ्या कुठल्या तरी गावात शिरणार आहे.