हत्तीला ॲव्हरेज विचारू नये

गाडी घरी आली, अभिनंदन. तीन रांगा, सात माणसांची सोय, अडीच टन वजन आणि बसल्या बसल्या झोप येईल अशा चामडी बैठका. आता लोक येतील, बोनेटवरून हात फिरवतील, सनरूफ उघडझाप करून बघतील आणि निघता निघता विचारतील, "किती देते?"

मराठीत हा प्रश्न दोघींबद्दलच विचारतात, म्हशीबद्दल आणि गाडीबद्दल. दोन्हीकडे मालक थोडं पाणी घालूनच सांगतो. तुम्हीही घाला. किती आणि कसं घालायचं, तेवढं सांगण्यासाठी हा प्रपंच.

टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा, ही जी जुनी पद्धत आहे तिच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. ती खरं बोलते. त्यापेक्षा समोरचा पडदा बघा. मात्र कधी बघायचा याला मुहूर्त असतो. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की गिअरमधली गाडीच इंजिनाला फिरवत राहते आणि इंजेक्टर पेट्रोल सोडायचं थांबतात. त्या चार-पाच सेकंदांत क्षणाचा आकडा पडद्यावर मावेल तेवढा मोठा होतो. फोटो तेव्हाच काढायचा. शेजारी बसलेल्याने काढावा, तुम्ही स्टिअरिंग धरा.

कोणी कंपनीचा आकडा मागितला तर बिनदिक्कत सांगा, तो खोटा नसतो. युरोपात २०१७ पासून चालू झालेली चाचणी घ्या. बंद खोलीत, रोलरवर, २३ अंश तापमानात, एसी बंद ठेवून, ३० मिनिटांत २३ किलोमीटर. तुम्हीही गाडी अशीच चालवलीत तर तोच आकडा मिळेल. अडचण एकच, या प्रवासात कुठेही पोचता येत नाही.

अगदीच चिवट माणूस भेटला तर गणिताचा आधार घ्या. कॅडिलॅकच्या एस्कलेड या अशाच अवाढव्य एसयूव्हीचं २०२१ सालचं ६.२ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन चारही चाकं ओढत अमेरिकेच्या सरकारी मोजणीत शहर-महामार्ग मिळून गॅलनला १६ मैल देतं, म्हणजे लिटरला सातला थोडं कमी. आपण सातच धरू, पाहुण्यांपुढे काय दशांश करत बसायचं! आता सात किलोमीटर गुणिले सात बैठका. माणशी ४९! शेजारच्या मोटरसायकलवाल्याने मान खाली घातली पाहिजे. त्यातल्या सहा बैठका रोज रिकाम्या जातात हा गाडीचा दोष नव्हे, तुमच्या गोतावळ्याचा आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. बोलणं कायम 'लिटरला किती किलोमीटर' याच भाषेत ठेवा. 'शंभर किलोमीटरला किती लिटर' असं कोणी म्हणालं की विषय बदला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल या दोघांनी २००८ मध्ये 'लिटरला किती' या भाषेतला घोळ नेमका उघडा पाडला. २०ची गाडी २५ देऊ लागली तर हजार किलोमीटरमागे १० लिटर वाचतात. आणि ७ची गाडी नुसती ८ देऊ लागली तर? जवळपास १८. म्हणजे बचतीला सर्वांत जास्त वाव तुमच्याच दारात उभा आहे. असली माहिती घरात फुटू देऊ नका, नाहीतर हळू चालवा म्हणतील.

आणि हळू का चालवायचं? ताशी ८० वरून १२० ला गेलात तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, खरं आहे. पण एवढी रुंद, उभी नाकपुडी घेऊन हवेला बाजूला सारण्यातच तर रुबाब आहे. सिग्नल दिसला तरी शेवटपर्यंत जोर ठेवा आणि मग कचकचून ब्रेक दाबा. अडीच टनांना ताशी १०० वर नेलं की त्यांच्यात दहा लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठते. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी चाकांपर्यंत साधारण चौथाई पोचते हे धरलं, तर एका दमात शंभर-सव्वाशे मिलिलिटर पेट्रोल गेलं. ब्रेक दाबला की ते सगळं डिस्क तापवण्यात संपतं. पेलाभर पेट्रोल ओवाळून टाकलं म्हणायचं.

उभ्या गाडीचं इंजिन आपोआप बंद करणारी सोय असते, ती आधी निकामी करा. इंजिन पुन्हा सुरू होताना जो बारीक हिसका बसतो तो या बैठकांना शोभत नाही. मोठं इंजिन नुसतं उभ्याने तासाला एक-दोन लिटर पितं, पण तेवढा वेळ आत गारवा राहतो. गाडी हलत नसेल तर ॲव्हरेज कसलं विचारता?

आता तिसरी रांग. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने पेट्रोलखाऊ मोटारींवर कर बसवला, पण एसयूव्ही त्यातून सुटल्या. तिथल्या मायलेजच्या नियमांत तर तीन रांगांची, मागच्या बैठका दुमडून सपाट जागा करता येणारी गाडी चक्क 'हलका ट्रक' म्हणून बसू शकते, आणि ट्रकांना नियम सौम्य. एकूण काय, ही रांग माणसांपेक्षा कायद्याला जास्त आरामदायक. तिथे बसलेल्यांच्या गुडघ्यांना हे केव्हाच कळलंय.

तरी वर्षातून एकदा सातही जण येतात. माणशी ४९ खरं करून दाखवायचा दिवस! पण तिसरी रांग उघडली की डिकी संपते. मग बॅगा टपावर, त्यांच्यासाठी मोठी पेटी. टपावरची अशी पेटी महामार्गाच्या वेगात ॲव्हरेज १० ते २५ टक्के खाते. सातचे साडेपाच-सहा होतात, आणि नेमकं तेव्हाच मागून, हनुवटीला गुडघे लावून बसलेले मेव्हणे विचारतात, "काय हो, किती देते?"

गाणं मोठं करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि म्हणा, "थांबा, पुढे उतार आहे. तिथे दाखवतो."